जुलैमध्ये तीन दिवस न्यू जर्सीहून गाडीने न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्सला, त्या वाइनसाठी प्रसिद्ध सरोवरांच्या भागात जायचंय. आईबाबा सोबत आहेत, ते वाइन घेत नाहीत. तरी जावं का?

जरूर जा. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो. दोघंही वाइनला शिवत नाहीत, तरी पुन्हा कधी जायचं हे विचारतात तेच. फक्त अकराही सरोवरं बघायचा हट्ट धरू नका. एकटं सेनेका सरोवर धरा. स्क्रँटन, बिंगहॅम्टनवरून साधारण साडेचार तासांत त्याच्या दक्षिण टोकाच्या वॉटकिन्स ग्लेन गावाला पोचाल, मुक्काम तिथेच टाका. एक दिवस पश्चिम काठाने रूट १४, दुसऱ्या दिवशी पूर्वेचा ४१४.

सासऱ्यांची गावी द्राक्षबाग आहे. वायनरीत आम्ही काउंटरपाशी असताना ते बाहेर ओळींमधून फिरत होते. हरभऱ्याएवढे हिरवे मणी, पायाखाली पाटीसारखे चपटे दगड. छाटणी कधी, हा त्यांचा पहिला प्रश्न. वर्षातून एकदा, हिवाळ्यात वेल झोपलेला असताना, हे ऐकून ते चकित झाले; आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या. मग एवढ्या बर्फात वेल जगतो कसा? त्याचं उत्तर समोरच्या पाण्यात आहे. सेनेका सहाशे फुटांहून खोल, हिवाळ्यातही सहसा गोठत नाही. उन्हाळ्यात साठलेली ऊब ते काठावरच्या उतारांना देत राहतं. वसंतात उलट, गार पाण्यामुळे कोंब उशिरा फुटतात आणि उशिरा पडणाऱ्या हिमातून वाचतात. तरीही युरोपातल्या जाती इथे तगणार नाहीत, असंच बहुतेकांचं मत होतं. युक्रेनहून आलेल्या डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी थंडी सोसणाऱ्या खुंटांवर कलमं करून त्या जगवल्या आणि १९६२ मध्ये शेजारच्या क्यूका सरोवराकाठी वायनरी काढली. खुंट आणि कलम म्हटल्यावर सासऱ्यांना आणखी काही समजवावं लागलं नाही!

तुम्ही स्वतः रीसलिंग द्राक्षाची पांढरी वाइन घ्या, इथलं खरं पीक तेच. बऱ्याच बाटल्यांच्या मागे ड्राय (गोडवा नसलेली) पासून स्वीटपर्यंतची पट्टी छापलेली असते, ती बघून निवडा. दिवसाला दोन, फार तर तीन वायनरी पुरेत. चालवणाऱ्याने घोटही घेऊ नये, न्यूयॉर्कमध्ये रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांच्या खाली असलं तरी, ०.०५ च्या वर गेलात की कारवाई होऊ शकते.

आईबाबांच्या गुडघ्यांचं बघा. वॉटकिन्स ग्लेनची घळ अप्रतिम आहे, एकोणीस धबधबे, पण पायऱ्या आठशेच्या वर. त्यापेक्षा कायुगा सरोवराकाठचा टॉगॅनॉक धबधबा त्यांना जास्त आवडेल. नदीकाठाने पाऊण मैल सपाट वाट, आणि शेवटी २१५ फुटांवरून कोसळणारं पाणी, नायगाऱ्याहूनही उंच. सासूबाई तिथल्या बाकावरून तासभर उठल्या नाहीत.

आणि बर्फाची पेटी विसरू नका. आमच्या दोन बाटल्या दुपारभर उन्हात गाडीत राहिल्या, संध्याकाळी बघतो तर बुचं वर सरकलेली. दोन्ही वाइन वाया गेल्या.