वाचक विचारतात: मे महिन्यात महाराजबाग

प्रश्न : मे महिन्यात भाचरं नागपूरला येणार आहेत. सोबत आई आहे, तिला व्हीलचेअर लागते. महाराजबागेत कधी आणि कसं न्यावं?

उत्तर : सोमवार टाळा, प्राणिसंग्रहालय बंद असतं. ही भोसल्यांची बाग. इंग्रजांनी इथे 1894 मध्ये प्राणी ठेवले. आता कारभार पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे, त्यामुळे तक्रार असेल तर महापालिकेत खेटे घालू नका.

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू व्हायच्या आत या. 25 मेनंतर पारा 45च्या आसपास जातो आणि प्राणीही सावलीला दडून बसतात. मुलं पिंजऱ्यात नुसती झोपलेली शेपटी बघून येतात. सकाळी फाटक उघडताच शिरा, उन्हं चढायच्या आत बाहेर पडा.

मेट्रोने सीताबर्डीला उतरा. दोन्ही मार्ग तिथेच मिळतात, लिफ्ट आहे. पुढे ऑटो.

व्हीलचेअरची खरी अडचण पुढच्या लहान चाकांची. सुट्या मातीत नाहीतर फरशीच्या फटीत ती अडकतात, आणि मागून जोर लावला की बसलेलं माणूस पुढे कलंडतं. अशा जागी खुर्ची थोडी मागे झुकवून मोठ्या चाकांवर न्या. उतारावर उलटी, म्हणजे आपण खालच्या बाजूला. उन्हात तापलेला लोखंडी दांडा चटका देतो, त्यावर ओलं फडकं गुंडाळा.

उन्हात प्यायला साखर-मिठाचं पाणी सोबत घ्या: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच. आईला मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चिवडा घरीच ठेवा, मुलं माकडांना टाकतातच.