उन्हाळ्याची सुट्टी आणि शिक्षक : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

निकालाचं काम आटपत आलं की शिक्षकांची पत्रं यायला लागतात, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो, की सुट्टी एवढी मोठी असूनही हाताला काहीच लागत नाही. त्यातली चार पत्रं या वेळी घेतलीयत.

प्रश्न : सुट्टी लागली की पहिला आठवडा मी नुसती पडून असते. झोप पुरत नाही, आणि डोक्यात शाळाच चालू, कुणाचे मार्क भरायचे राहिले का, रजिस्टर पूर्ण झालं का. मग वाटतं वेळ वाया चाललाय आणि त्या टेन्शनमध्ये आरामपण धड होत नाही. काय करू?
– एक प्राथमिक शिक्षिका

उत्तर : ताई, तो आठवडा वाया जात नाहीये. वर्षभर तीस-चाळीस मुलांकडे एकाच वेळी लक्ष ठेवून, दर मिनिटाला काहीतरी निर्णय घेऊन डोकं थकलेलं असतं, त्याला झोप हवी असेल तर घ्या, बिनधास्त घ्या. अडचण झोपेची नाहीच, अंग पलंगावर आणि मन स्टाफरूममध्ये ही खरी अडचण आहे. सोनेनटॅग आणि फ्रिट्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये कामाचा शीण कशाने जातो यावर एक पेपर लिहिला, त्यात चार गोष्टी सांगितल्या: कामापासून मनाने लांब जाणं, निवांतपणा, काहीतरी नवीन शिकणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. तुमच्याकडे दुसरी आहे, पहिली नाही.

त्यासाठी एक सोपं काम करा. राहिलेल्या कामांची यादी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे ते कधी आणि कुठे बसून करणार तेही लिहा, नुसती यादी नको. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलं की अर्धवट काम मनात घोळत राहतं, पण त्याचा नेमका प्लॅन ठरला की काम झालेलं नसतानाही ते घोळणं बरंच कमी होतं. कागद ड्रॉवरमध्ये टाका, शाळेचे ग्रुप म्यूट करा, आणि खरंच अर्जंट असेल तर फोन करा असं एका सहकाऱ्याला सांगून ठेवा.

प्रश्न : माझं नोकरीचं पहिलंच वर्ष संपलं, खूप धावपळ झाली, रोज रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. म्हणून ठरवलंय की या सुट्टीत पुढच्या अख्ख्या वर्षाचे सगळे पाठ तयार करून टाकायचे, पीपीटी, वर्कशीट, सगळं. कुठून सुरुवात करू?
– माध्यमिक शाळेतला विज्ञान शिक्षक

उत्तर : सर, उत्साह मोडायचा नाहीये, पण अख्खं वर्ष तयार करू नका. पुढच्या वर्षीची मुलं कशी आहेत, कुठे अडकतात हे तुम्हाला आत्ता माहीतच नाही, त्यामुळे त्यातलं बरंचसं परत करावं लागेल आणि सुट्टीही गेलेली असेल.

त्यापेक्षा या वर्षी काय झालं ते आधी लिहून काढा, आणि लवकर, शक्यतो पहिल्याच आठवड्यात. कुठल्या धड्याला वर्ग गप्प झाला, कुठलं उदाहरण दिल्यावर मुलांचे चेहरे उजळले, उत्तरपत्रिकांत एकच चूक पुन्हा पुन्हा कुठे दिसली. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, आणि हे आपल्यालाही लागू आहे, शाळा परत उघडेपर्यंत यातलं बरंचसं पुसट होऊन जातं. चुकीची उत्तरं मात्र शब्दशः उतरवून ठेवा. मुलाने वजन आणि वस्तुमान एकच धरलं असेल तर त्याने नेमकं काय लिहिलं हे फार मोलाचं असतं, कारण पुढच्या वर्षीची मुलंही तिथेच चुकण्याची शक्यता आहे आणि तुमच्याकडे प्रश्न आधीच तयार असेल.

मग सगळ्यात जास्त फसलेले दोन धडे निवडा, दोनच, आणि ते मुळापासून नव्याने बांधा.

आणि एक गोष्ट जी वर्षभर पुरेल: मागच्या धड्यांवरचे छोटे प्रश्न. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग बघा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारल्यावर आठवून लिहिणाऱ्यांना साधारण 56 टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना 42. म्हणजे तासाच्या सुरुवातीला वही बंद ठेवून तीन प्रश्न, एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा, मार्क नाहीत, फक्त आठवायचं. असे प्रश्न सुट्टीत निवांत बसून काढता येतात, रात्री अकराला थकून भागून नाही निघत. पीपीटी सुंदर करण्यात दिवस घालवण्यापेक्षा हे कधीही चांगलं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : वर्ष संपेपर्यंत माझा आवाज पार बसतो. सुट्टीत आपोआप बरा होईल ना?
– संगीत शिक्षिका

उत्तर : विश्रांतीने फरक पडतो, पण गृहीत धरू नका. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त शिक्षकांना (57.7 टक्के) आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेला होता, इतर लोकांत हे प्रमाण 28.8 टक्के होतं, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. सुट्टीत पाणी भरपूर प्या, ओरडणं टाळा, आणि विश्रांती म्हणून कुजबुजत बोलू नका, त्याने बऱ्याच जणांच्या घशावर उलट ताण येतो. चार आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, मध्येच गिळायला त्रास झाला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर तेवढंही थांबू नका. तुमचं तर गाणंही त्याच गळ्यावर आहे, शाळा सुरू झाल्यावर यासाठी रजा मिळणं अवघड जाईल.

प्रश्न : सुट्टीत मी छान फ्रेश होतो, चित्रं काढतो, चालायला जातो. पण शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसांत परत जैसे थे. मग सुट्टीचा उपयोग काय?
– कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक

उत्तर : सर, हे अनेकांचं होतं. जेसिका डे ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हेच दिसलं की सुट्टीने बरं वाटतं पण कामावर परतल्यावर तो परिणाम लवकरच, दोन-चार आठवड्यांत ओसरतो. याचा अर्थ सुट्टी फुकट गेली असा नाही, फक्त वर्षभराचा आराम एकदाच करून साठवता येत नाही एवढाच आहे. म्हणून चित्रकला सुट्टीबरोबर बंद करू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्यासाठी ठेवा, त्या दिवशी पेपर घरी आणायचे नाहीत, आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातच त्या वेळेला बसायला लागा म्हणजे सवय झालेली असेल. घरच्यांना वार सांगून ठेवा, कामं वाटून घ्या. आणि तो वार आत्ताच पक्का करा, नवीन टाइमटेबल हातात यायच्या आधी.