वॉर्डात नर्सिंगच्या मुलींची पहिली बॅच नेणाऱ्या ट्यूटरसाठी

सामाजिक न्यायावर वेगळं लेक्चर घेऊ नका. मुली वहीत उतरवतील नि विसरतील. केस शीटमध्येच प्रश्न घाला: घरी पाणी कुठून येतं, इथवर यायला एसटीचं भाडं किती, आज मजुरी बुडाली का? उत्तरावरून डिस्चार्जचा सल्ला बदलला, तरच मार्क. ऊसतोडीला निघालेल्या गरोदर बाईला ‘विश्रांती घ्या, फळं खा’ सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार, किती महिने, ते विचारा. लोहाच्या गोळ्या त्या हिशेबाने मिळतील असं बघा, आणि माता-बाल संरक्षण कार्ड कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) सोबत न्यायला सांगा.

योजना तोंडपाठ हव्यात. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झालं की औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत. टीबीच्या पेशंटला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून). पैसे बहुधा बँक खात्यापाशी अडकतात, म्हणून पासबुक पहिल्याच दिवशी बघा.

एचआयव्हीच्या पेशंटच्या कॉटवर लाल खूण दिसली तर मुलींसमोरच काढायला लावा. २०१७च्या कायद्याने असा भेदभाव करता येत नाही. रक्ताशी संबंध येणार तिथे हातमोजे प्रत्येक पेशंटला, ‘त्या’ एकट्याला नव्हे. आणि हो, ‘ए मावशी, सरक’ नको. केसपेपरवर नाव असतं.