सोमवारी चालू, गुरुवारी टकटक

प्रश्न : माझी 2008 सालची डिझेल पिकअप आहे. आठवड्यातून दोनदा लासलगावला कांदा नेतो. सोमवारी गाडी खाली करून अंगणात लावली की गुरुवारी पहाटे सेल्फ नुसता टकटक करतो. मग पोरांना उठवायचं आणि धक्का मारायचा. कांद्याच्या दिवसांत गाडी रोज फिरते, तेव्हा काहीच त्रास नसतो. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या, अल्टरनेटरही भरून घेतला. गाडीला टेप, अ‍ॅम्प्लिफायर, रिव्हर्स हॉर्न, मोबाइल चार्जर आणि टपावर एलईडी पट्टी आहे. आता तिसरी बॅटरी घेऊ का?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : नका घेऊ. दादा, तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. रोज फिरवली तर त्रास नाही, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करतोय. त्याला उगाच खोललं. उभ्या गाडीत कुठेतरी करंट गळतोय, किंवा बॅटरीच आतून गेली आहे. या दोघांतलं कोण, हे ठरवायला एक रुपया लागत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, सोमवारी गाडी लावली की 10 नंबरच्या पान्याने निगेटिव्हची वायर सोडा आणि बाजूला बांधून ठेवा. गुरुवारी जोडा. सेल्फ झटक्यात लागला तर बॅटरी निर्दोष, चोर गाडीत आहे. तरीही टकटक केलं तर बॅटरीला दोष द्या. सोडताना आधी निगेटिव्हच. पॉझिटिव्हवर पाना असताना त्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर जी ठिणगी उडते ती मी एकदा पाहिली आहे. पान्याला खाच पडली होती.

आता चोर पकडायचा. साधा मल्टीमीटर घ्या, लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा. चावी काढा, दिवे बंद. दरवाजा उघडा ठेवणार असाल तर त्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा, नाहीतर केबिनचा दिवा लागलेला राहील आणि तुम्ही त्यालाच चोर समजाल. सोडलेली निगेटिव्ह वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटरच.

जुन्या गाडीत आकडा 0.05 च्या आत असेल तर ठीक आहे, टेपच्या घड्याळाला तेवढं लागतंच. तुमच्याकडे माझ्या अंदाजाने 0.5 ते 0.8 च्या मध्ये काहीतरी दिसेल. हिशेब करा : 0.7 अँपिअर, तीन दिवसांचे 72 तास, झाले 50 अँपिअर-तास. बॅटरी 80 ची असेल तर उरतं काय? नवी असली तरी बसणारच. वर अशी तळापर्यंत वारंवार उतरली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती कायमची अशक्त होते. तुमच्या दोन बॅटऱ्या अशाच मेल्या असाव्यात.

मीटर नसेल तर आमच्या उस्तादांची पद्धत : मीटरच्या जागी 5 वॅटचा पार्किंगचा बल्ब जोडा. उजळला तर गळती आहे, अंधारच राहिला तर बरीचशी चिंता मिटली.

आता एकेक फ्यूज काढा आणि आकड्याकडे बघा. ज्या फ्यूजला आकडा खाली पडला, त्या लाइनवर चोर. पण माझी पैज आहे की एकाही फ्यूजला तो पडणार नाही. का, तर तुम्ही लिहिलेल्या यादीतली बरीचशी चैन कंपनीच्या फ्यूजपेटीतून गेलेलीच नसते. बसवणारा घाईत असतो, थेट बॅटरीवरून वायर ओढतो. सगळ्यात संशयित अ‍ॅम्प्लिफायर. त्याला टेपकडून निळी वायर यायला हवी, म्हणजे टेप बंद झाला की तोही बंद. बरेच जण ती निळी वायर पिवळीत गुंडाळतात, कारण पिवळीत करंट कायम असतो आणि काम लवकर होतं. मग टेप बंद दिसतो आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर जागा. हात लावून बघा, चार तास उभ्या गाडीत तो कोमट लागला तर दुसरा पुरावा नको. मागच्या उन्हाळ्यात सिन्नरच्या एका भाजीवाल्या गाडीत मी तो असाच पकडला. मालक म्हणाला, गाणी तर मी ऐकतच नाही, स्पीकर मागच्या मालकाने बसवलेत.

अ‍ॅम्प्लिफायर सोडूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरकडे वळा. आधी बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण सुटी करून अल्टरनेटरची जाड वायर सोडा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, मग मीटर पुन्हा लावा. आकडा पडला तर आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, उलटा गळतोय. असा अल्टरनेटर गाडी रात्रभर थंड असूनही पहाटे हाताला गरम लागतो. चार्जिंगही करतो, गळतोही. भरून घेतला त्यात तो डायोड जुनाच राहिला असेल, तर विचारून घ्या. हीटर प्लगचा, म्हणजे थंड डिझेल इंजिन तापवणाऱ्या प्लगचा रिले (स्विच) चिकटला असेल तर मात्र तीन दिवस वाट बघावी लागत नाही, एका रात्रीत बॅटरी झोपते. तुमचं लक्षण ते नाही.

एलईडी पट्टी आणि रिव्हर्स हॉर्न राहिले, पण ते फारसे संशयित नाहीत. फक्त मागच्या दिव्यांचे नुसते पिळलेले जोड बघा. पावसात त्यात पाणी शिरतं. चोर सापडेपर्यंत निगेटिव्हला पितळी कट-ऑफ स्विच लावून घ्या, गाडी लावली की फिरवून काढायचा. पण स्विच लावला म्हणजे काम झालं असं म्हणू नका, वायर तशीच राहते आणि एखाद्या दिवशी जळते. आकडा आला की मला कळवा : फ्यूज काढण्याआधीचा आणि अ‍ॅम्प्लिफायर सोडल्यानंतरचा.

प्रश्न : पिकअप रस्त्यात बंद पडली तर मोठ्या ट्रकच्या बॅटरीवरून जंप मारू का?
– येवला तालुक्यातून

उत्तर : नको. मोठ्या ट्रकमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट असतात, तुमची गाडी 12 ची. टेप आणि दिवे जातील, बॅटरीलाही धोका. ट्रॅक्टर बहुतेक 12 व्होल्टचा असतो, तो चालेल. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि शेवटचं निगेटिव्ह टोक बॅटरीवर नको, तुमच्या बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडावर लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी त्याच्यापासून लांब उडालेली बरी.