अ‍ॅब्लेशनआधीची हृदयाची चित्रं: तुमचे प्रश्न

प्रश्न (मालवण): बाबांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) आहे. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) गुठळी नाही म्हणतात. मग अ‍ॅब्लेशनआधी (हृदयात आतून डाग देऊन ठोके नियमित करतात, त्याआधी) घशातून नळी घालून पुन्हा इको कशाला?

उत्तर: गुठळी दडते तो कोपरा छातीवरून नीट दिसत नाही, म्हणून. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला बोटाएवढी पिशवी असते, तिला अपेंडेज म्हणतात. कप्पा नुसता थरथरत राहिला की तिथलं रक्त साकळतं, जेटीच्या आडोशाला गाळ बसतो तसं. झडपेचा आजार नसलेल्यांत सुमारे ९० टक्के गुठळ्या इथेच सापडतात. अन्ननलिका या कप्प्याच्या पाठीला लागूनच जाते. तिच्यातून पाहिलं की पिशवी तळापर्यंत दिसते. गुठळी असताना आत कॅथेटर (बारीक नळी) फिरवला आणि ती सुटली, तर थेट मेंदू गाठू शकते. त्यामुळे ती दिसली की अ‍ॅब्लेशन पुढे ढकलतात.

बाबांनी सहा तास उपाशी राहायचं, कवळी असेल तर काढायची. घसा फवाऱ्याने बधिर करतात. तो बधिरपणा उतरेपर्यंत घोटभर सोलकढीसुद्धा नको, ठसका लागेल.

प्रश्न (देवगड): कोळंबी खाल्ली की माझ्या अंगावर पित्त उठतं. अ‍ॅब्लेशनआधीच्या सीटी स्कॅनच्या डायमध्ये (शिरेतून देतात त्या औषधात) आयोडीन असतं म्हणे. करू का?

उत्तर: करा. किनाऱ्यावरच्या रुग्णांची ही ठरलेली शंका. कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. पूर्वी डायचाच त्रास झाला असेल, तर मात्र आधीच सांगा. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्टही न्या. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर तेही सांगा.

स्कॅनमध्ये फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांचा नकाशा मिळतो. बहुतेकांत त्या चार. काहींत डावीकडच्या दोन एकाच तोंडाने उघडतात, काहींत उजवीकडे एक जादा. १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या चमूने दाखवलं, की या अनियमित ठोक्यांची ठिणगी बहुधा या शिरांतच पडते. म्हणून अ‍ॅब्लेशनमध्ये त्यांच्या तोंडाभोवतीच डाग देतात.

प्रश्न (श्रीवर्धन): एमआरआय पण लागेल?

उत्तर: सरसकट नाही. कप्प्याच्या भिंतीतले व्रण पाहायचे असतील तर सांगतात.

प्रश्न (गुहागर): स्कॅन स्वच्छ आला. रक्त पातळ करणारी गोळी आता बंद करू?

उत्तर: अजिबात नको. स्कॅन त्या दिवसापुरता खरा. अ‍ॅब्लेशननंतरही किमान दोन महिने गोळी चालूच असते, पुढचं पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं. एक काका मुंबईला निघाले, गोळ्या घरी फडताळात राहिल्या. दोन दिवस चुकले आणि घशातला इको पुन्हा करावा लागला. गोळ्या बॅगेत नको, सदऱ्याच्या खिशात ठेवा.