धरणाच्या काँक्रीटची झीज ड्रोनच्या फोटोंवरून मोजता येते का?

हो, पण फक्त पृष्ठभागावर दिसणारी. कर्नाटकातल्या घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाचं उदाहरण धरून सांगतो.

सांडव्याच्या खांबांचे फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के येतील असे घ्यायचे, त्यातून सॉफ्टवेअर त्रिमितीय मॉडेल बनवतं. भिंतीवर खुणा लावून त्यांच्या जागा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) मोजा. ते टाळलंत तर मॉडेल देखणं होईल, मापं मात्र भरवशाची नसतील.

खरी मेख पिक्सेलमध्ये आहे. एक पिक्सेल भिंतीवरचा १ मिलिमीटर व्यापत असेल, तर ०.३ मिलिमीटरची भेग मोजता येणार नाही. ड्रोन जवळ न्या, नाहीतर लांब पल्ल्याची लेन्स लावा. निखळलेल्या ढलप्यांची खोली आणि क्षेत्रफळ मात्र छान मिळतं. चुन्याचे पांढरे ओघळ दिसले तर तिथून पाणी झिरपत असण्याची दाट शक्यता, ती जागा आधी नोंदवा.

पाण्याकडची बाजू मे महिन्यात, पातळी उतरल्यावर घ्या. ढगाळ उजेड उत्तम, कारण कडक उन्हात सावलीची रेघही भेग वाटते. उड्डाणाची परवानगी आधीच काढा.

आतली पोकळी फोटोत येत नाही. तिथे हातोडीने ठोकून आवाज ऐकणं आणि अल्ट्रासोनिक चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून केलेली तपासणी) हवीच.