लेटरवर नुसतं गावाचं नाव असेल तर बॅग भरू नकोस

इक्वेडोरला इंटर्नशिप, लेटरवर गाव फक्त 'सांता रोसा' आणि प्रश्न काय तर एक जॅकेट पुरेल का. तुझी पोस्ट वाचून डोकं फिरलं, तुझ्यावर नाही, लेटर देणाऱ्यांवर. माझ्या लेटरवर असंच नुसतं 'सान मिगेल' होतं.

कोस्ता (किनारा), सिएरा (डोंगराळ भाग), ओरिएन्ते (पूर्वेचं जंगल), गॅलापागोस (बेटं) हे सगळं तू वाचलंच असशील, त्यात जात नाही. देश महाराष्ट्रापेक्षा लहान, म्हणून लोकांना वाटतं कुठेही टाकलं तरी काय फरक पडतो. खूप पडतो. तिथे एका नावाची ढीगभर गावं आहेत. राजधानी किटोच्या वायव्येला सान मिगेल दे लोस बांकोस आहे, अकराशे मीटरच्या आसपास, दमट, सतत पाऊस. आणि बोलिवार प्रांतात दुसरं सान मिगेल आहे, अडीच हजार मीटरच्या जवळपास, तिथे संध्याकाळी स्वेटर लागतोच. प्लेसमेंट बघणाऱ्या ऑफिसला (नाव घेत नाही) मी मेलवर स्पष्ट विचारलं होतं की नक्की कुठलं, तर उत्तर आलं, 'किटोपासून दोन तास, हवा गरम'. त्या भरवशावर मच्छरदाणी, सुती कपडे घेतले, लोस बांकोसला खोलीचा ॲडव्हान्सही भरला आणि किटोत उतरल्यावर तेच ऑफिस म्हणतं, अहो तुमचं बोलिवारचं आहे! ॲडव्हान्स गेला तो गेलाच. वर म्हणे, 'तुम्ही कन्फर्म करायला हवं होतं'. मेल दाखवला तर साहेब जेवायला गेले.

बरं, दोन्हीकडच्या बसही एका ठिकाणाहून नाहीत. लोस बांकोसची ला ओफेलियाहून म्हणजे शहराच्या उत्तरेला, आणि ग्वारांदाकडची (हे बोलिवार प्रांताचं मुख्य शहर) पार दक्षिणेच्या कितुंबे टर्मिनलवरून. किटो लांबट शहर आहे, या टोकाचं त्या टोकाला सामान घेऊन जाताना जीव जातो. पुढे आंबातो शहराहून ग्वारांदाला जाणारा रस्ता चिंबोराझो ज्वालामुखीच्या कुशीतून चार हजार मीटरच्या वर चढतो, नुकता मुंबईहून आलेला माणूस तिथे डोकं धरून बसतो.

तुझं सांता रोसाही तसंच. एक एल ओरो प्रांतात, माचाला शहराजवळ, केळी-कोळंबीचा सखल गरम भाग, आणि एक आंबातोच्या डोंगरात, गारठा. म्हणून प्रांत, कांतोन (आपल्या तालुक्यासारखं), पारोकिया (कांतोनखालचा विभाग) तिन्ही लेखी माग, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समुद्रसपाटीपासून उंची विचार. माझ्या मते तिथे प्रदेशाच्या नावावर विसंबणं फुकट आहे. बोलिवार सिएरात मोजतात पण त्याच प्रांतातलं एचेआंदिया हे गाव खाली उकाड्यात आहे. विषुववृत्तावर वर्षभर तापमान फारसं हलत नाही, हजार मीटर चढलं की साधारण सहा अंश कमी, एवढा हिशोब पुरतो. जून ते सप्टेंबर सिएरात कोरडं असतं, तेव्हा किनाऱ्यावर ढगाळ, आणि किनाऱ्याचा खरा पाऊस जानेवारी ते एप्रिल.

मी काही ट्रॅव्हल एजंट नाही, व्हिसाचे नियम बदलत असतात (2019 पासून भारतीयांना व्हिसा लागतो, आधी लागत नव्हता), ते स्वतः तपास. माचालाकडे असेल तर सुरक्षिततेच्या बातम्याही बघ, 2024 पासून किनारी प्रांतात परिस्थिती नाजूक आहे, मी तरी रात्रीच्या बसने गेले नसते.

आणि यलो फीवरची लस, ही ऑफिसवाले कधीच सांगत नाहीत. तुझं गाव डोंगरात असलं तरी घे, कारण इक्वेडोरहून परत येताना भारतातच सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस.

बाकी किरकोळ: डॉलर चालतात पण पन्नास-शंभरच्या नोटा दुकानदार घेत नाहीत, सुट्टे ने. लाईट 120 व्होल्ट, आपली इलेक्ट्रिक किटली तिथे नीट तापणार नाही. छोटा कुकर मात्र ने, गाव उंचावर निघालं तर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.